तलावाची कातडी

दसरूभाऊ गेल्याची बातमी मला कॉलनीच्या ग्रुपवर कळली. ‘आपल्या तलाव उद्यानाचे वॉचमन दसरूजी यांचे दुःखद निधन.’ खाली वीस-पंचवीस जोडलेले हात. आणि त्या हातांच्या खाली, पाच मिनिटंही झाली नसतील, एका बाईंचा प्रश्न... ‘मग संध्याकाळी कारंजं कोण चालू करणार?’ शी! मी फोन पलंगावर फेकला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तिसऱ्या दिवशी बागेत शोकसभा झाली. फोटोला हार, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सेक्रेटरींचं भाषण, ‘दसरूजींचं या तलावावर फार प्रेम होतं.’ समोर सिमेंटच्या टाक्यात हिरवं, दाट, तवंग धरलेलं पाणी वास मारत होतं आणि सगळे नाकाला रुमाल लावून दोन मिनिटं स्तब्ध उभे होते. मीही उभी होते. सगळ्यांपेक्षा माझीच मला जास्त किळस आली, आणि ती का आली हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

वॉचमन म्हणे! दसरूभाऊ ढीवर होते. आम्ही नागपूरजवळ बेसाला घर बांधलं तेव्हा आजूबाजूला तुरीची वावरं होती आणि गावाच्या टोकाला हा जुना तलाव. बापजाद्यांपासून त्यांच्या घरची मासेमारी तिथंच चालायची. मी शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा नववीच्या मुलांना घेऊन मी तलावावर गेले, आणि सोबत नेलेल्या फळ्यावर दोन रकाने आखले, सजीव आणि निर्जीव. मुलं पटापट सांगत होती. मासा, कमळ, बगळा इकडे. पाणी, हवा, ऊन, चिखल तिकडे. गुडघाभर पाण्यात जाळं सोडवत उभे असलेले दसरूभाऊ हसले. ‘म्याडम, चिखल मेलेल्यात टाकला काय?’ वाकून त्यांनी ओंजळभर चिखल काढला आणि माझ्यासमोर धरला. गोगलगायी, लाल किडे, मुळ्या, कसली तरी अंडी... सगळं वळवळत होतं. ‘आता याच्यातला जिता कोनता अन् मेला कोनता, येगळं करून दाखवा बरं.’ मी म्हटलं, मातीत जीव राहतात, पण माती निर्जीवच. पुस्तकात तसंच होतं. ‘तुमी म्हणता तं असन,’ ते म्हणाले. मुलं हसली, मीही हसले.

हा माणूस मासे धरायचा त्याहून जास्त शेती करायचा, आणि तीही तलावात. उन्हाळ्यात काठाकडचं पाणी आटलं की ते तलावाच्या कोरड्या बुडात नांगर घालायचे, आणि पाणी चढू लागलं की चिखलात उभं राहून पाणगवताच्या, देवधानाच्या म्हणजे रानभाताच्या जुड्या एकेक करून रोवायचे. लोक टिंगल करायचे, ढीवराले नांगर कायले पाह्यजे म्हणून. मी विचारलं तर म्हणाले, ‘गवत नसन तं मासा अंडे कुठी टाकन? अन् चिखल नसन तं गवत कायच्यात उभं राहीन?’ गवताच्या एका कोपऱ्यात ते जाळंच टाकत नसत. तिथं मरळ मासळी आपल्या पिल्लांचा थवा राखत फिरायची. ‘लेकुरवाळी हाय थे, तिले कायले हात लावा...’ बगळ्यांची घाण पाण्यात पडायची, चिखल ती पोटात घ्यायचा, चिखलावर गवत पोसायचं, आणि गवताच्या सावलीत भर मे महिन्यात पाणी गार राहायचं. मी हेच बाण काढून तीस वर्षं फळ्यावर शिकवलं आणि परीक्षेत पाच मार्कांना विचारलं. कळलं मात्र काडीचंही नाही.

मग वावरं गेली, इमारती आल्या, आणि नव्या लोकांना चिखलाचा वास यायला लागला. तलाव स्वच्छ करा, सुंदर करा म्हणून कॉलनीनं अर्ज द्यायचं ठरवलं. तुम्ही विज्ञानाच्या, तुम्हीच लिहा, असं सगळे म्हणाले, आणि मी फुगले. ‘गाळ समूळ काढल्यास पाणी साठवण्याची क्षमता वाढेल.’ सुंदर अक्षरात लिहिलं आणि पहिली सही माझीच. चार दिवसांनी दसरूभाऊ घरी आले. हातात ढीवरांच्या सोसायटीचा हरकतीचा कागद. तो द्यायच्या आधी त्यांना मला विचारायचं होतं. ‘म्याडम, सारा गाळ काहून काढून राहिले? वरवरचा काढा ना. खालची चिकन माती काढू नका म्हणा. थे तलावाची कातडी हाय.’ मी त्यांना पाणी दिलं आणि शाळेतल्या आवाजात समजावलं, ‘दसरूभाऊ, घाण निघेल, पाणी वाढेल, मासेही वाढतील. शास्त्र आहे ते.’ त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘तुमी म्हणता तं असन.’ तो कागद कुठंच गेला नाही.

मशीन आलं. खणता खणता खाली मुरूम लागला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, तलाव साफ झाला म्हणून! त्या वर्षी भरलेलं पाणी दिवाळीपर्यंत मुरमातून पार जिरून गेलं. मग बूड सिमेंटनं बांधलं, काठाला फरशी, मधोमध कारंजं, बोअरचं पाणी आणि विकत आणलेले मासे. नागपूरचं ऊन, तापलेलं सिमेंट, ना गवत ना सावली... मे महिन्यातल्या एका दुपारी ते सगळे पोट वर करून तरंगत होते. दोन दिवस कुणी उचलले नाहीत. पोटं फुगून फुटली, डोळे कावळ्यांनी नेले, वर घोंघावत्या माश्यांचा थर बसला. कॉलनीनं खिडक्या लावून एसी चालवले आणि ग्रुपवर लिहिलं, ‘गावातले लोक काळजी घेत नाहीत.’ काय म्हणावं आम्हा कॉलनीवाल्यांच्या निर्लज्जपणाला! दसरूभाऊंना त्यांनी खाकी शर्ट आणि शिट्टी दिली. काम काय, तर पाण्याजवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही. मी फाटकातून जायची तेव्हा ते उठून उभे राहायचे, ‘नमस्ते म्याडम.’ त्या अर्जाबद्दल कधी एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं पुढं मी मागच्या रस्त्यानं जाऊ लागले. वा रे विज्ञानवाली!

तेरवी झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, पारबताबाईंनी, चहा केला आणि मला मागच्या अंगणात बसवलं. तिथं गुरांना पाणी पाजायचं जुनं टाकं होतं. अर्ध्यापर्यंत काळाभोर चिखल, वर हातभर नितळ पाणी, देवधानाच्या हिरव्या जुड्या, आणि त्यांच्यामधून बोटभर मासोळ्या सुळसुळत होत्या. ‘मशीन यायच्या आदल्या दिवशी घमेल्यानं वाहून आनला हा चिखल,’ पारबताबाई म्हणाल्या. ‘म्या म्हटलं, येडे झाले काय तुमी? रोज ड्यूटीवरून आले का हितंच बसत.’ म्हणजे माझं शास्त्र त्यांना पटलं नव्हतं. त्यांनी फक्त माझा शब्द मोडला नव्हता. मी चहाचा कप खाली ठेवला.

‘मला कधी दाखवलं नाही हो त्यांनी हे?’ मी विचारलं.

पारबताबाई टाक्यातलं एक पिवळं पान खुडत होत्या. ‘म्या म्हटलं होतं ना, म्याडमले बलावून दाखवा एक डाव. तं म्हणे, नोको. त्याहिले वाईट वाटन.’