पोटात अंडी नसताना

श्रीरामपूरच्या एका कॉलेजात शिकवत असताना मी पीएचडीसाठी गोल्डफिशवर काम करत होते. प्रयोगशाळेमागच्या खोलीत काचेच्या आठ टाक्या होत्या. त्या घासायच्या, पाणी बदलायचं, हे काम एका बाईंकडे होतं. सगळं कॉलेज त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही. चेहरा वाळलेला, उठताना गुडघ्यावर हात. पन्नाशीच्या असतील, असं मी धरून चालले होते.

अंडी सुटली की मादीच्या अंगात एक हार्मोन तयार होतं आणि मेंदूला कळतं की आता घालायची वेळ झाली. अंडी नसलेल्या मादीला मी तेच हार्मोन टोचायचे आणि घड्याळ लावून बसायचे. दहा-बारा मिनिटांत ती पाणवनस्पतीत शिरायची, कुशीवर व्हायची, थरथरायची. नर मागे लागायचा, पोटाला ढुशा द्यायचा. तास-दीड तास हेच.

एका दुपारी मावशी बादली घेऊन आल्या आणि टाकीपाशी थांबल्या.

"मॅडम, ही काय करती?"

"अंडी घालतेय."

त्या वाकल्या. "अंडी तर दिसंनात."

"नाहीतच पोटात. इंजेक्शनमुळे तिला वाटतंय की आहेत."

हे मी हसून सांगितलं. मुलांना सांगायचे तेव्हा मुलंही हसायची. मावशी हसल्या नाहीत.

"दमंल की वो ती."

"औषध उतरलं की थांबेल."

त्यांनी बादली खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "असलं इंजेक्शन मान्साला असतंय का?"

"कशासाठी?"

"माझी पिशवी काढलीया. आमी खर्ड्याकडचे, ऊस तोडायला जायचो. पोटात लई दुखायचं. डाक्टर म्हनला, काढून टाका, न्हाईतर कॅन्सर हुईल. मुकादम म्हनला, बरंच झालं, म्हैन्याचा खाडा पडायचा न्हाई. चोविसावं लागलं हुतं तवा." त्यांनी पदराने मान पुसली. "तवापासनं अंगाची आग हुती. थंडीत घाम फुटतो, हाडं ठनकत्यात. नवरा म्हनतो, तू बाईच राह्यली न्हाईस. हिला धा मिन्टात गुन येतो, म्हनून इचारलं."

"आता वय किती तुमचं?"

"छत्तीस."

मी अडतीस वर्षांची होते.

"औषधं असतात," मी म्हणाले. "शहरात चांगल्या डॉक्टर आहेत. मी घेऊन जाते तुम्हाला." तेवढ्यात घड्याळ वाजलं. मी वळले आणि वहीत नोंद केली.

मग परीक्षा आल्या, पेपर आले. मावशींनी पुन्हा विषय काढला नाही आणि मला ते सोयीचंच वाटलं. दोन महिन्यांनी त्याच खोलीत, ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. साधंच पडल्या, पण मनगट मोडलं. रिक्षात घालून मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि वय दोनदा विचारलं. म्हणाले, ही हाडं सत्तरीच्या बाईची आहेत.

त्यानंतर मी त्यांना नगरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले होते; हाडं टिकवणारं हार्मोन तिथेच बनतं. हे मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. औषध त्याच वर्षी सुरू व्हायला हवं होतं, बाई म्हणाल्या. आता गोळ्या देता येतील, आहे ते टिकवता येईल. झिजलं ते झिजलं.

एस.टी.ची वाट बघताना मावशींनी विचारलं, "म्हंजी तसलं इंजेक्शन न्हाईच?"

"नाही. गोळ्या नेमाने घ्या मात्र."

"बरं."

प्लॅस्टर निघालं, पण त्या हाताने भरली बादली उचलेना. काम कंत्राटी होतं. महिन्याभरात दुसरी बाई आली आणि मावशी नवऱ्यासोबत गावी गेल्या. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा नवऱ्याने उचलला. गोळ्या चालू आहेत का, विचारलं तर म्हणाला, "कसल्या गोळ्या? ती रानात गेलीया, खुरपायला."