चंडोलाच्या गळ्यातली शीळ

आमच्यात प्रत्येक घराची मेंढरं हाकायची शीळ वेगळी. पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले तरी शिळेसरशी मेंढरं आपापल्या धन्यामागं चालू लागायची. केंदूरच्या माळावर माझा थोरला भाऊ वडिलांचीच शीळ घाली, फक्त शेवटी त्यानं स्वतःची एक गिरकी जोडली होती. माळावरच्या चंडोलांनी ती गिरकीसकट उचलली. त्यांची पिल्लंही ऐकून ऐकून तेच गाऊ लागली. लग्न होऊन मी भीमेपल्याड खुटबावला आले, तर तिथला चंडोल भलतंच गायचा. मला तर तो परका पक्षीच वाटला. पुढं कळलं, चंडोलाच्या मादीलाही तसंच वाटतं. ओळखीचं गाणं नसलं की ती नराला भीक घालत नाही, आणि अशानंच पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या दोन होत जातात.

बहात्तरच्या दुष्काळात भाऊ मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गेला, तो गेलाच. ना माणूस आला, ना निरोप. केंदूरच्या माळावर मात्र त्याची शीळ रोज वाजायची. आई भाकरी तव्यावर तशीच टाकून दाराशी धावायची. माहेरी गेले की हेच बघायची मी. भावकी म्हणायची, "आता त्याचा दहावा घाला."

"जिभा झडतील तुमच्या!" आई म्हणायची.

पुढं एका सकाळी खुटबावला, आमच्या बांधावर, चंडोल बोलला. तीच शीळ, तीच गिरकी. मी आईला बोलावून घेतलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता रडेल.

"म्हंजी त्यो हितंच कुठंतरी मेंढरं राखतोय," ती म्हणाली. "नदी वलांडली की घर. आन् पाय वळंना त्याचा."

"अगं, पाखरू पाखराकडनं बी शिकतं."

"गप बस. जिता हाय त्यो. जिता आसून आला न्हाई, तर मला मेला. घाला दहावा."

मला तिचा असा संताप आला! पण तिच्यापुढं कुणाचं चालतंय? भीमेकाठी पिंड मांडला. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा कशाला शिवतोय, आता बसा दिवसभर, असं मी मनाशी म्हणत होते. आम्ही मागं सरकतो न सरकतो तोच कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"सुटला बिचारा," चुलते म्हणाले.

आई किंचाळत उठली. "हाड! हाड! जिता हाय त्यो!" आणि पिंडाचा भात दोन्ही हातांनी पदरात गोळा करू लागली.