न सुटलेली गाठ
तागाच्या नव्या दोराचा वास आला की मला आर्णी रोडवर सांडलेला कापूस दिसतो. आजोबा नेव्हीतून निवृत्त झालेले. यवतमाळात समुद्र नाही, म्हणून दोराच्या गाठी मारून हौस भागवायचे आणि घराला जहाज म्हणायचे. त्या वर्षी बोंडअळीने शेतं खाल्ली होती. शेजारच्या काकांचा सगळा कापूस एका ट्रॉलीत मावला. ते दोर आवळत असताना आजोबा पुढे झाले. “सरका, माझी गाठ वादळातही सुटत नाही.” काका हसले, “बांधा कॅप्टन, आपलं जहाज तुमच्याच हाती.” गाठ खरंच सुटली नाही. पण धक्क्यांनी कापूस दबत गेला, दोर सैल पडला आणि वळणावर वरचा सगळा ढीग धुळीत घसरला. स्कूटरवरून मागे येणारे आजोबा आणि मी धावलो. तेवढ्यात माझ्या शाळेची बस तिथेच हळू झाली. खिडक्यांत ओळखीचे चेहरे होते. मी मान खाली घालून कापूस गोळा करत राहिले. बाजारात व्यापाऱ्याने मूठभर कापूस झटकला. “माती विकून राह्यले का?” म्हणत त्याने भाव पाडला. परत निघताना काकाच म्हणाले, “कॅप्टन, काहून गप झाले? एखादा जोक सांगा ना.” प्रत्येक गोष्टीवर विनोद करणारे आजोबा स्कूटरची किल्ली चाचपत उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, काकांकडे तर नाहीच. अजूनही काका समोर आले की मी नजर चुकवते, आणि ते थांबून आधी आजोबांची तब्येत विचारतात.