पाच जणांचा भाव

डॉक्टरीणबाईंनी मला फसवलं, आणि त्यांना माझ्या पोटच्या पोरीची साथ होती.

मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका मशीनवर ब्लाउज शिवायला लागले, आज माझ्या हाताखाली बायका आहेत. सांगितलेल्या भावात मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही. (पोरीच्या बारशाचा पाळणाही घासाघीस करूनच भाड्याने आणला होता!) त्यामुळे मयुरी कॉलेजातून येऊन म्हणाली, "मम्मी, माझी एचपीव्हीची लस राहिलीय, अजून घेता येते," तेव्हा मी पदर खोचूनच तिच्यासोबत अंबरनाथच्या दवाखान्यात शिरले.

"तीन डोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोनात बसवा."

"पंधरा वर्षांच्या आत आणली असतीत तर दोनात झालं असतं."

"म्हणजे उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला दंड?"

"ताई, लस आहे, भाजी नाही! गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळते." मग मयुरीकडे बघून म्हणाल्या, "पाच विद्यार्थी आणा, सवलत देते."

पाच? मी पन्नास आणले असते!

पहिली गाठली शेजारची कापडवाली कविता. तिची सिमरन म्हणजे मयुरीची जिवलग मैत्रीण. पण कविताने तोंडावर हातच ठेवला. "दीदी, लडकी की शादी भी नहीं हुई! लोग क्या बोलेंगे?"

"अस्तर सिलने के पहले भिगोती है, की बाद में?"

"पहले."

"फिर! टीका भी शादी के पहले!"

(शिवल्यावर भिजवलं की अस्तर आटतं आणि ब्लाउज वाया जातो, हे कापडवालीला काय सांगायचं?) त्याच वाक्यावर आणखी दोन आया पटवल्या. मयुरी धरून चार पोरी झाल्या.

"चारात द्या!" मी दवाखान्यात टेबलावर हात आपटला.

"पाच म्हणजे पाच."

मयुरीने शांतपणे आमची गाडी चालवत आलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या भावाकडे बोट दाखवलं. "सुमित आहे ना. मुलांनापण देतात."

"त्याला कुठे गर्भाशय आहे?" मी किंचाळले. एका आजोबांनी पेपर तोंडापुढे धरला.

"मम्मी, हळू बोल ना!" सुमित कळवळला.

"ताई, एचपीव्ही विषाणूची लागण मुलांनाही होते, तो त्यांच्याकडून पसरतो, आणि काही कॅन्सर त्यांनाही होतात."

मी हबकलेच. एवढी वर्षं पोरगा वाढवला, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? मीच त्याची बाही वर सारली.

जिंकल्याच्या थाटात पैसे दिले. माझ्या मागे एक कॉलेजची पोरगी उभी होती. एकटी. तिलाही तोच भाव!

"बाई! ही तर एकटीच आहे!"

"विद्यार्थ्यांना हाच दर आहे," डॉक्टरीणबाई चक्क हसल्या.

"मीच आधी येऊन त्यांना पाचाची अट घालायला सांगितलं," मयुरी म्हणाली. "सिमरनची मम्मी आमचं ऐकेना. तुझं ऐकणार हे माहीत होतं. पण भाव पाडायचा नसता, तर तू तिच्याकडे गेली असतीस का?"

आता गल्लीतल्या आया पोरापोरींना घेऊन थेट माझ्या दुकानात येतात. भाव पाडायला गेलेली मी त्या दवाखान्याची दलाल झाले, तीही बिनकमिशनची! डॉक्टरीणबाई, याचा जाब तुम्हाला द्यावाच लागेल. दुसऱ्या डोसच्या वेळी नवे अकरा जण घेऊन येतेय मी, तेव्हाच द्या!