देवडीत नाताळची हजेरी

आमची नागूकाकू जहागीरदारांच्या वाड्यातून, म्हणजे देवडीतून सुटून आली त्याला आठ वर्षं झाली, पण तिच्या तोंडून देवडी अजून सुटली नाही. भाकरी थापता थापता ती मधेच मोठ्या बेगमसाहेब होते. सुपारी गालात धरायची, खालचा ओठ पुढे काढायचा आणि एकेक शब्द उपकार केल्यासारखा सोडायचा. तो आवाज मी तिच्याकडूनच उचलला. ही हकीकत तिची आहे, आवाज तेवढे मी लावलेत.

काकू हुमनाबादच्या अलीकडच्या एका जहागिरीत दूध पाजायला राहिली होती. जहागीरदारांच्या सुनेला मुलगा झाला, आणि त्या घरातल्या बायका लेकराला अंगावर पाजत नसत. पाजायला बाई ठेवायची, तिला ‘अन्ना’ म्हणायचं. गावातली दुसरी कुठली बाई जाईना, कारण मुसलमानाघरचं पाणी चालत नाही. आम्हा येशूच्या लोकांना ती अडचण नव्हती. सुनेच्या सासूनं, म्हणजे मोठ्या बेगमसाहेबांनी चौकशी केली, “कौन लोगां हैं?” दारोगा म्हणाला, किरिस्तान. “किताबवाले हैं. चलता.” म्हणजे आमचाही धर्मग्रंथ त्यांना मान्य. असं दोन्हीकडून चाललं आणि काकू मधे अडकली.

तिचं स्वतःचं लेकरू तेव्हा दोन महिन्यांचं होतं. अट अशी की देवडीतलं लेकरू अंगावरचं सोडेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, अन्नानं दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि आपल्या लेकराला हात लावायचा नाही. दूध वाटलं जातं म्हणे. काकूचे मालक ग्यानबाकाका हो म्हणाले. जहागिरीत राहून देवडीला नाही कोण म्हणणार?

“तिथं मला तुपातला शिरा,” काकू सांगते, “आन् हितं माज्या लेकराला शेळीचं दूध, कापसाच्या वातीनं.”

दोन पुरुष उंचीची भिंत, मधे अंगण, अंगणात डाळिंबाचं एकच झाड. बाहेर जायला एक दार, दारावर जाड पडदा, पडद्यापलीकडे कपाळभर भस्म लावलेला पहारेकरी हावगेप्पा. चार महिने काकूनं फक्त त्याचा खोकला ऐकला. नाताळच्या आधी तिनं पडद्याजवळ जाऊन विचारलं, “अण्णा, एक दिवस सोडता का वो? पाद्रीसाहेब येनारैत. लेकराचा बाप्तिस्मा हाय.”

“होगंगिल्ल, अक्का. जायचं न्हाई म्हंजे न्हाई. तू गेलीस तर माजी भाकरी जाईल.”

“मग सासूबाईला निरोप तरी द्या. लेकरू घिऊन या म्हनावं.”

हावगेप्पा बराच वेळ खोकला. म्हणजे देतो.

मोठ्या बेगमसाहेबांपुढे तर काकूनं तोंड उघडायच्या आतच उत्तर आलं. “बाहर की हवा लगी तो दूद खट्टा होता, बोली ना?”

त्या रात्री काकू देवाशी भांडली. तिची प्रार्थना ती लाजत सांगते, मी मात्र हुबेहूब करतो. “देवा, तुज्या मायला गोठ्यात ठेवलास, पर लेकरू तर तिच्या मांडीवर दिलास. मला फरशीच्या घरात ठेवलास आन् मांडीवर दुसऱ्याचं. ह्ये कामून करायलास रे?” उत्तर म्हणून जहागीरदारांचा नातू तेवढा जागा झाला.

आता जहागिरीची एक रीत अशी, की ज्याचा सण त्यानं आधी देवडीवर हजेरी द्यायची. म्हणून नाताळच्या दिवशी दुपारी आमचे लोक हलगी घेऊन दारात आले. पुरुष बाहेर थांबले. सात-आठ बायका फराळाचं ताट घेऊन अंगणात आल्या, आणि त्यांत चंद्रम्माआजी होती, काकूची सासू. तिच्या कडेवर लेकरू.

काकू पायरीवर बसली होती, मांडीवर नातू पोटभर पिऊन झोपलेला. तिचं लेकरू तीन हातांवर होतं आणि त्यानं तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याला ही अत्तर लावलेली बाई कोण ते कळेना. आजीनंही ओळख दाखवली नाही. तख्तावर मोठ्या बेगमसाहेब बसलेल्या.

बायकांनी येशूच्या जन्माचं गाणं म्हटलं. तेवढ्यात जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ झाली. “नागू, इधर-उधर नक्को देख,” म्हणून बेगमसाहेब आत गेल्या. बाहेरून हावगेप्पा हळूच म्हणाला, “सुम्ने इर्री, नमाज हाय,” आणि हलगी थांबली.

त्या शांततेत लेकरू रडायला लागलं.

आजीनं झुलवलं, थोपटलं, पदराचं टोक तोंडात दिलं. लेकरू आणखीच रडलं. आणि काकूची चोळी भिजली. तिनं पदर ओढला, पदरही भिजला. मांडीवरचा झोपलाय आणि दूध मात्र आपोआप चाललंय.

झोपाळ्यावर मुलाची आई, धाकट्या बेगमसाहेब होत्या, एकोणीस वर्षांच्या. हैद्राबादेहून लग्न होऊन आल्यापासून त्यांनीही ते दार ओलांडलं नव्हतं. त्यांनी आधी पदराकडे पाहिलं, मग लेकराकडे.

“किसका बच्चा है?”

“माज्या पोराचं हाय जी,” आजी म्हणाली. खोटं काहीच नव्हतं.

धाकट्या बेगमसाहेबांनी आतल्या खोलीकडे कान दिला. “रोने से अम्मीजान की नमाज बिगडती. चुप करा उसकू, नागू.” काकू हलेना. अंगावरचं उरलेलं दूध पिळून काढलं की ते पायाखाली येऊ नये म्हणून डाळिंबाच्या बुडाशी ओतायचं, अशी त्या घरची रीत. त्याच म्हणाल्या, “मुन्ना तो सो गया. जो बचा सो रोज अनार कू देती ना? आज अनार कू नक्को. उसकू दे.” आणि आपलं पोर स्वतःच उचलून घेतलं.

आजीनं लेकरू काकूच्या मांडीवर ठेवलं. त्यानं तोंड फिरवलं. अत्तराचा वास. काकूनं थुंकी लावून गळ्यावरचं अत्तर पुसलं, पुन्हा पुसलं. आत नमाज किती झाली कुणास ठाऊक. सगळ्या बायका आतल्या दाराकडे बघत उभ्या. मग लेकरानं एकदा चाखलं, थांबलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि असं काही ओढायला लागलं की कुणाला तरी हसू फुटलं.

“भ्यावच गेलं माजं,” काकू सांगते. “दार बंदच हुतं. तरी तो आत आलाच की. त्याला काय हावगेप्पा आडवतोय?” तो म्हणजे लेकरू की देव, हे मी विचारतो. काकू भाकरी उलटते.

मोठ्या बेगमसाहेब बाहेर आल्या तेव्हा लेकरू आजीच्या कडेवर डुलक्या घेत होतं. त्यांनी ओठ पुढे काढला. “इत्ता चुप कायकू है ये?”

“नमाज का अदब करता, अम्मीजान,” धाकट्या म्हणाल्या.

बायका गेल्या. बाप्तिस्मा त्याच दुपारी बाहेर झाला, काकूवाचून. पडदा पडला. अजून वीस महिने राहिले होते. हलगी ओढ्यापलीकडे जाईपर्यंत काकू ऐकत राहिली, आणि ऐकू यायची थांबली तरी तेच गाणं ओठांत म्हणत राहिली.

झोपाळ्यावरून प्रश्न आला, “क्या बोलते गे उसमें?”

“मालिक आया बोलते, बेगमसाब.”

“किधर आया?”

काकूला पुढचं त्यांच्या बोलीत येईना. तिनं बोटानं अंगणातली फरशी दाखवली. “इधरीच.”

धाकट्या बेगमसाहेबांनी फरशीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. झोपाळा पायानं थांबवला.

“फिर से गा,” त्या म्हणाल्या. “आहिस्ता.”