इम्रानचा कंप्युटर अन् चाचाचा कूलर

इम्रानले कंप्युटरनं नाही मारलं.

हे पहिले लिहितो, कारण परवापासून अर्धं अकोला तेच सांगून राहिलं. "गेम खेळता खेळता करंट लागला म्हणे." तुमच्यातून कोण पाहाले गेलतं बे?

गेम कुठून खेळन तो? मशीन अजून चालूच झाली नव्हती.

इम्रान माहा दोस्त. अमरावतीच्या पॉलिटेक्निकमध्ये एका बेंचवर होतो आमी. मी वलगावचा, घरी झेंडूची शेती. तो अकोल्याचा, त्याचे अब्बा, मी त्यायले चाचा म्हणतो, लोखंडी कूलर बनवतात. पत्रा वेगळा, मोटर वेगळी, पंप वेगळा आणून घरच्या पुढच्या खोलीत जोडतात.

इम्रान कंप्युटर जोडे. बापलेकाचं एकच काम, अन् दिवसभर एकमेकायची फिरकी.

चाचा म्हणत, "तुह्याच्यात बी पंखा, माह्याच्यात बी पंखा. माहा निदान हवा तं देते."

वलगावले माहा गेमिंग पीसी बसवाले आला, तेव्हा घरात अर्थिंग नाही म्हणून यानं सामान डब्ब्यातून काढलंच नाही. पहिले आंगणात खड्डा खोदाले लावला, त्याच्यात मीठ-कोळसा टाकाले लावला. माहे बाबा बाहेर येऊन म्हणे, "कंप्युटर बसवून राहिले का बोअर मारून राहिले?"

असा माणूस करंट लागून गेला. मले अजून समजूनच नाही राहिलं.

लोकायच्या किती मशीन जोडल्या त्यानं, स्वतःची नव्हती. कापसाचा पैसा नाही आला की इकडे कूलर बी खपत नाही, गेमिंग पीसी तं सोडूनच द्या. म्हणून स्वतःसाठी एक-एक पार्ट घेत गेला.

पहिले कॅबिनेट घेतलं. प्रोसेसर येईपर्यंत चाचीनं त्याच्यात कांदे ठेवले. त्याचा फोटो पाठवला होता मले, खाली लिहिलं होतं, "फुल लोडेड."

मंग बोर्ड. मंग रॅम. ग्राफिक्स कार्ड परवा सकाळी आलं, अन् लगेच त्याचा फोन.

"गज्या, आज जोडतो. संध्याकाळी ऑनलाइन ये, हरवतो तुले."

"जेवून बस," मी म्हटलं.

"भूक कोणाले हाय बे?"

दुपारी चाचाचा फोन आला. नुसते रडत होते. मले वाटलं चाचीले काही झालं.

काल सकाळच्या एसटीनं अकोल्याले गेलो. त्याले दवाखान्यातून घरी आणलं होतं. बहीण सुरतहून यायची होती, तिच्यासाठी थांबले होते. मे महिना, अन् घरात पाय ठेवाले जागा नाही.

आतल्या खोलीत त्याचं टेबल तसंच होतं. कॅबिनेट उघडं, बोर्ड बसवलेला, ग्राफिक्स कार्ड अजून डब्ब्यात. अन् पॉवरची केबल प्लास्टिकच्या पिशवीत, बांधलेली जशीच्या तशी.

मशीनले लाइनच नव्हती.

टेबलाजवळ कूलर उभा होता, अर्धा वळलेला. खाली पाणी सांडलेलं. उघड्या बोर्डावर कूलरची ओली हवा तो कधीच येऊ देत नव्हता. उठला असन, अन् दोन्ही हातानं कूलर फिरवला असन.



तितक्यात चाचीले चक्कर आली. कोणी तरी म्हणे, कूलर चालू करा. एक जण पाण्याची बादली घेऊन आला बी.

"हात नका लावू त्याले," मी ओरडलो.

मयतीच्या घरी असं कोणी ओरडते का? सगळे माह्याकडे पाहाले लागले.

चाचा म्हणे, "कूलरले काय झालं? कंप्युटरनं खाल्लं त्याले."

मी टेबलावरची केबलची पिशवी त्यायच्या हातात दिली.

त्यायनं पिशवीची गाठ चाचपून पाहिली. मंग टेस्टर मागितला. सगळ्यायले मागे सारलं, कूलरची पिन लावली, अन् टेस्टर पत्र्याले टेकवला.

लाइट लागला. पत्र्यात करंट होता.

"मीच बनवला हा," चाचा म्हणे. बस, इतकंच.

मी म्हटलं, "चाचा, पाण्यातला पंप खराब झाला असन, कोणाचाबी होते. जाऊ द्या. कोणाले काही सांगू नका." त्या माणसाच्या डोक्यावर अजून किती टाकाचं?

"अर्थिंगची हिरवी वायर मी जोडतच नाही," ते म्हणे. "लोकायच्या घरी अर्थिंग नसते, म्हणून दोनच वायरची पिन देतो. इम्रान रोज भांडे माह्यासंग. मी म्हणो, आजपर्यंत कोणाले काही झालं का?"

मंग माह्याकडे पाहून म्हणे, "किती घरात देल्ला रे मी हा कूलर. बाया हात लावतात. लेकरं हात लावतात."

बहीण आली. माती देऊन आलो. कब्रस्तानच्या दारातच चाचानं माहा हात धरला.

"तू लिहितं ना बेटा मोबाइलवर. लिही. माह्या कूलरनं गेला असं लिही. लपवू नको."

म्हणून लिहून राहिलो.

कोणाच्याबी घरी लोखंडी कूलर असन, कोणीबी बनवलेला असन, पाणी टाकाच्या पहिले, सरकवाच्या पहिले पिन काढा. बटण बंद करून भागत नाही. पिन काढा. घरात अर्थिंग नसन, नाही तं पिन दोनच वायरची असन, तं तो कूलर लावूच नका.

आज तिसरा दिवस. घरी लोकं भेटाले येऊन राहिले, अन् चाचा घरी नाही. सकाळपासून मालाचा ऑटो करून आपल्या गिऱ्हाइकायच्या दारोदार फिरून राहिले. जिथं अर्थिंग हाय तिथं तीन वायरची पिन बसवून देतात, जिथं नाही तिथून कूलर वापस आणून राहिले. मी संग आहो.

आत्ताच एका घरची बाई म्हणे, "एवढ्या गरमीत काहून नेता हो चाचा? चांगला चालते."

चाचा म्हणे, "माहा पोरगा गेला याच्यानं, ताई."

अन् कोणाले हात लावू न देता, स्वतःच उचलून ऑटोत ठेवला.

इम्रान, भाऊ, भावपूर्ण श्रद्धांजली कशी लिहू तुले? जाय तू. अब्बासोबत मी आहो.