मधल्या डिस्कमधला टर्मिनेटर

छापखान्यातला स्कॅनर आणि चार डिस्क एकाच लांब केबलवर ओळीने जोडलेल्या होत्या. त्या केबलला हात लावायचा मान बारा वर्षं थोरल्या साडूंचा. अशा केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. नसला तर सिग्नल टोकाला आपटून माघारी फिरतो आणि येणाऱ्या सिग्नलच्या अंगावर जातो. थोरले तो घरीच रेझिस्टर जोडून बनवत. पण केबल लांबत गेली आणि फाइली अर्धवट उतरू लागल्या.

छापखान्याच्या मालकीणबाईंनी धाकट्या साडूला बोलावलं. नाव सुचवलं थोरल्यांच्याच बायकोने.

“त्यांच्याकडे ॲक्टिव्ह टर्मिनेटर आहे म्हणे,” ती म्हणाली. “आतली चिप व्होल्टेज हलू देत नाही. तुमचे नुसते रेझिस्टर. वीज दमली की तेही दमणार.”

“तुला कोणी शिकवलं?”

“धाकटीने. तिला ते बसून समजावतात.”

धाकट्याला केस होते, गळा होता, आणि सासूबाई त्याला न विचारता दुसऱ्यांदा वाढत. आता सिग्नलही त्याचंच ऐकणार म्हटल्यावर थोरल्यांच्या पोटात दुखू लागलं. मालकीणबाईंचं म्हणणं साधं होतं: ज्याच्या हाताने लाइन चालेल, केबल त्याची.

धाकटा यायचा होता त्या सकाळी थोरले मदतीला म्हणून लवकर गेले आणि मधल्या डिस्कमध्ये आपला जुना टर्मिनेटर बसवून ठेवला. मध्येच टर्मिनेटर आला की सगळी लाइन दबते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षांचा अनुभव कुठेतरी कामी यायलाच हवा.

धाकट्याने दोन्ही टोकांना नवे टर्मिनेटर लावले. फाइल उतरेना. पुन्हा लावले. उतरेना.

“शेवटी जुनं तेच सोनं,” मालकीणबाई म्हणाल्या. थोरले विनयाने छताकडे बघू लागले.

धाकटा एकेक डिस्क उघडत मधलीपाशी आला. आतलं सोल्डरिंग कोणाच्या हातचं हे त्याने एका नजरेत ओळखलं. तो तुकडा काढून त्याने गुपचूप खिशात टाकला आणि फाइल पाठवली. पूर्ण उतरली.

“काय होतं?” मालकीणबाईंनी विचारलं.

“मध्ये एक जास्तीचा राहिला होता. दादांनी सांगितलं म्हणून सापडला. केबल त्यांच्याकडेच राहू द्या. तिची सवय त्यांना आहे.”

जिन्यात थोरल्यांनी त्याला गाठलं. “असं का बोललात?”

“जाऊ द्या हो, दादा. घरचीच गोष्ट आहे.”

त्यानंतर तीन वर्षं केबल थोरल्यांकडे होती. एकदाही बिघडली नाही. दर सोमवारी ते धाकट्याने टोकाला लावलेल्या टर्मिनेटरला बोट लावून बघत. तो कोमट असे, आपलं काम बिनबोभाट करत असे, आणि थोरल्यांचा उरलेला दिवस वाईट जात असे.